सीपीयू_रिलॅक्स की यूस्लीप_रेंज?

लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या मैत्रिणीने विचारलं: डिव्हाइसचा रेडी बिट (‘तयार आहे’ ही खूण) येईपर्यंत सीपीयू_रिलॅक्स (cpu_relax, फिरत्या लूपमध्ये प्रोसेसरला क्षणभर सैल सोडणारं कर्नलचं फंक्शन) घालून लूप फिरवू, की यूस्लीप_रेंज (usleep_range, दिलेल्या किमान-कमाल वेळेत झोपवणारं फंक्शन) लावून झोपू?

आधी बघ, कोड चालतोय कुठे. स्पिनलॉक (ज्यासाठी इतरांना फिरत वाट पाहावी लागते असं कुलूप) धरलाय किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये (डिव्हाइसच्या हाकेला लगेच धावणाऱ्या कोडमध्ये) आहेस, तर झोपताच येत नाही. प्रश्न तिथेच मिटला.

तत्परतेत सीपीयू_रिलॅक्स पुढे. बिट बदलला की लगेच बाहेर. एक्स८६वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) तो पॉज ही सूचना देतो आणि त्याच कोअरवरच्या जोडीदार थ्रेडला वाव मिळतो. पण पॉजवर वेळ मोजू नकोस. स्कायलेक पिढीच्या आधीच्या इंटेल चिपवर तो साधारण १० सायकल घ्यायचा, स्कायलेकवर १४०च्या आसपास. म्हणजे ‘हजार फेऱ्या झाल्या की टाइमआउट’ असं लिहिलंस, तर तोच ड्रायव्हर नव्या मशीनवर कितीतरी जास्त वेळ अडकून बसेल. केटाइम_गेटने (कर्नलचं घड्याळ वाचणाऱ्या फंक्शनने) खरा वेळ तपास, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

विजेच्या बाबतीत यूस्लीप_रेंज सरस. कोअर दुसऱ्या कामाला मोकळा होतो.

उत्तर दहाएक मायक्रोसेकंदांच्या आत येणार असेल किंवा झोपायची मुभाच नसेल, तर सीपीयू_रिलॅक्स घे. दहा मायक्रोसेकंद ते वीस मिलिसेकंद थांबायचं असेल, तर यूस्लीप_रेंज.