वांडूरच्या धक्क्यावर आम्ही पाचजण आणि एक खोटा परवाना

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सकाळी आठच्या सुमारास आम्ही अंदमानातल्या वांडूरच्या धक्क्यावर पोचलो. आई-वडील, बायको, बारा वर्षांची मुलगी आणि मी. हातात जॉली बॉय बेटाचा परवाना, पिशवीत पोहण्याचे कपडे. धक्क्यावर मात्र कोणीच नव्हतं. ना रांग, ना बोटवाल्यांची हाकाहाक. एक वनरक्षक खुर्चीत बसले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "आज तो सोमवार है. सोमवार को बंद रहता है. यह परमिट हमारे यहाँ का नहीं है."

हे सगळं लिहिण्याचं कारण एकच. मला फसवणारा माणूस माझ्याशी अस्सल सांगलीच्या मराठीत बोलत होता, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला तो तेवढ्याचमुळे.

वडिलांना सेल्युलर जेल बघायचं होतं. सावरकरांची कोठडी डोळ्यांनी पाहायची ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. लेकीला प्रवाळ बघायचे होते. तिच्यासाठी मी महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची माहिती काढली. १९८३ साली हे उद्यान जाहीर झालं. वांडूरच्या आसपासची पंधरा बेटं आणि त्यांच्यामधला समुद्र, मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटर. त्यांतली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच बेटं पर्यटकांसाठी, तीही आलटून पालटून उघडतात, म्हणजे प्रवाळांना विसावा मिळतो. मुक्कामाला परवानगी नाही, प्लॅस्टिक न्यायचं नाही, आणि रोज ठरावीक लोकांनाच सोडतात. या शिस्तीमुळेच ती जागा अजून शांत आहे, म्हणूनच मला तिथे जायचं होतं.

आणि याच मर्यादेचा त्याने फास केला.

सहलींच्या एका व्हॉट्सॲप गटात त्याची जाहिरात आली होती. फोन केला तर पहिलं वाक्य, "दादा, कुठनं बोलताय? सांगली? मी पण मिरजेचाच की!" मग वडिलांची चौकशी, त्यांचे गुडघे दुखतात म्हटल्यावर "काकांसाठी बोटीत पुढची जागा ठेवतो," बायकोला "वहिनी, मासे चालतात ना?" नंतर मुद्दा असा की परवाने संपत आले आहेत, आमच्या तारखेचे पाचच राहिलेत, आज पैसे नाही भरले तर रेड स्किनसुद्धा मिळणार नाही. फेब्रुवारीत उघडं असतं ते जॉली बॉय, हे मी आधी वाचलं होतं. तरी मी गडबडलो. परवाना, काचेच्या तळाची बोट, स्नॉर्केलिंग, गाडी आणि जेवण धरून माणशी ३,६०० रुपये. पाचजणांचे १८,००० मी त्याच संध्याकाळी यूपीआयने पाठवले. पाठवताना मोबाइलवर खातेदाराचं नाव दिसलं. ते ना त्याचं होतं, ना त्याच्या कंपनीचं. विचारलं तर "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे दादा." तिथेच थांबायला हवं होतं. त्या पडद्यावरचं नाव हीच आपल्या हातातली शेवटची खूण असते, आणि मी ती पाहूनही पुढे गेलो.

त्याने पाचही जणांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले, मी पाठवले. परवान्याला ओळखपत्र लागतं हे खरंच आहे, म्हणून शंका आली नाही. दोन दिवसांत पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, आमची नावं बिनचूक. सोबत सूचना, "पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या." जिथे प्लॅस्टिकची बाटली नेऊच देत नाहीत, तिथल्यासाठी ही सूचना! तारीख सोमवारची, आणि सोमवारी उद्यान बंद. माझ्या हातातल्या कागदातच दोन चुका होत्या. त्या कळायला वनविभागाच्या कार्यालयात एक फोन पुरला असता.

त्या सकाळी सहाला येणारी गाडी आली नाही. त्याने फोन उचलला, म्हणाला, "गाडी बिघडली दादा, तुम्ही दुसरी करून पोचा, पैसे वळते करतो." आम्ही हॉटेलजवळची टॅक्सी केली. पोर्ट ब्लेअरपासून वांडूर साधारण तीस किलोमीटर. चालकाला वाटलं आम्ही किनारा बघायलाच निघालोय, म्हणून त्यानेही काही विचारलं नाही. (त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं, पण आमच्या सगळ्या कागदांवर जुनंच आहे.)

वनरक्षकांनी नीट समजावून सांगितलं. परवाना वनविभागाचा, बोटीचं तिकीट वेगळं, आणि दोन्हीच्या पावत्या वेगवेगळ्या. आमच्याकडे होता तो एकच रंगीत कागद.

मी तिथूनच त्याला फोन लावला. मला वाटलं होतं आता तो उचलणार नाही. त्याने उचलला, आणि इतक्या मनापासून माफी मागितली की माझा राग निम्मा झाला. "ऑफिसच्या पोराची चूक झाली दादा, सगळे पैसे आत्ता परत करतो. पहिला हप्ता सहा हजार. क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा." उन्हात उभा होतो, लेक रडवेली झाली होती, वडील दगडावर बसून गप्प होते. मी स्कॅन केलं, पिन टाकला आणि खात्यातून आणखी ६,००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. हे मला माहीत होतं. तरीही त्या क्षणी सुचलं नाही. त्याला आमचा नाइलाज हवा होता आणि तो त्याला मिळाला. त्यानंतर फोन बंद झाला तो कायमचा.

बायकोने तिथेच १९३० ला फोन लावला. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी असलेला हा राष्ट्रीय क्रमांक. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. व्यवहार क्रमांक विचारले, तक्रार नोंदवली, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर मी सगळे स्क्रीनशॉट चढवले. ताजे गेलेले ६,००० समोरच्या खात्यात गोठवले गेले. ते सोडवण्याचे सोपस्कार मात्र लांबले. १८,००० तीन आठवड्यांपूर्वीचे, ते कधीच पुढे गेले होते. बँकेने स्पष्ट सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलात. घरी परतल्यावर पाचही आधारांचं बायोमेट्रिक लॉक केलं. आता कोणालाही देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रतच देतो.

त्या दिवशी आम्ही वांडूरच्या किनाऱ्यावर दुपारपर्यंत बसलो. २००४ च्या त्सुनामीत पडलेल्या झाडांचे पांढरे पडलेले ओंडके अजून वाळूत आहेत. मगरींबद्दल सावधगिरीच्या पाट्या असल्याने लेकीला पाण्यात जाऊ दिलं नाही. तिने ओंडक्यावर बसून शिंपले मोजले. संध्याकाळी परवान्यांच्या खिडकीवर गेलो तर मंगळवारचे संपले होते, आणि बुधवारी सकाळी आमचं विमान होतं.

वडिलांना जेल दाखवलं. परतीच्या विमानात ते एवढंच म्हणाले, "मराठी बोलला म्हणून फसलास रे."

मागच्या महिन्यात एका दुसऱ्या गटात तोच मजकूर दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण "जॉली बॉय, शेवटच्या पाच जागा" हे शब्द तेच, आणि बेटाचा फोटोही तोच. खाली पुण्याच्या एका ताईंनी आपला नंबर टाकला होता. मी लगेच त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, ते तर आमच्या सातारचेच निघाले, आत्ताच बोलणं झालं." पैसे त्यांनी अजून भरले नव्हते.