‘सुधारित आवृत्ती’ घेण्याआधी तिची जुनी पानं उघडून बघा

“मावशी, तुझ्या पुस्तकामुळे मी आज सगळ्यांसमोर खोटी पडले.”

भाचीचा हा फोन आला तेव्हा ती नेमकं कशाबद्दल बोलतेय हे मला आधी कळलंच नाही. कॉलेजात तिने बीटल्स या ब्रिटिश बँडच्या पहिल्या सिंगलवर (म्हणजे सुट्या तबकडीवर आलेल्या गाण्यावर), ‘लव्ह मी डू’वर, छोटंसं सादरीकरण केलं होतं. त्यासाठी मी तिला माझ्याकडचा जाडजूड संदर्भग्रंथ दिला होता. त्यात वाचून तिने ठामपणे सांगितलं, की ६ जून १९६२ला, रिंगो स्टारच्या आधीचा ड्रमर पीट बेस्ट ड्रमवर असताना या गाण्याचं जे रेकॉर्डिंग झालं, ते नष्ट झालंय, आता ते कुणालाच ऐकता येणार नाही. वर्गातल्या एका मुलाने खिशातून फोन काढला आणि तेच रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं.

ते रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९९५मध्येच ‘अँथॉलॉजी’ या जुन्या, अप्रकाशित रेकॉर्डिंगच्या मालिकेच्या पहिल्या संचात अधिकृतपणे बाहेर आलंय. भाचीच्या हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘संपूर्ण सुधारित, २०२३पर्यंतच्या माहितीसह’.

चूक तिची नव्हती. मी दिलं म्हणून तिने ते पुस्तक खरं मानलं, आणि मुखपृष्ठावर छापलंय म्हणून मी. हे सगळं सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की बीटल्स असोत, डिलन असो की बोवी, एखाद्या कलाकारावर जीव असणारे आपण सगळे असंच करतो. पुस्तकाचं, लेखकाचं किंवा प्रकाशकाचं नाव मी घेणार नाही. फसवणूक कशी होते ते कळलं, की नावाची गरज उरत नाही.

या ग्रंथाची पहिली आवृत्ती मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घेतली. प्रत्येक गाणं कधी, कुठे रेकॉर्ड झालं, किती टेक (म्हणजे रेकॉर्डिंगचे प्रयत्न) झाले, कोणी काय वाजवलं, अशी गाणंवार माहिती होती. त्या वेळी ही माहिती खरोखर मोलाची होती आणि ते पुस्तक मी अक्षरशः झिजवलं. २००९च्या सप्टेंबरात बीटल्सचे सगळे अल्बम रीमास्टर होऊन, म्हणजे मूळ टेपवरून आवाज नव्याने सुधारून, आले, त्याच सुमारास पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मी घेतली. नोव्हेंबर २०२३मध्ये ‘नाऊ अँड देन’ आलं. बीटल्समधल्या जॉन लेननने सत्तरच्या दशकात घरी पियानोवर गायलेलं ते गाणं बाकीच्या तिघांनी १९९५मध्ये हाती घेऊन सोडून दिलं होतं. कॅसेटवरचा त्याचा आवाज संगणकाच्या मदतीने पियानोपासून वेगळा करता आला, तेव्हा कुठे ते पुरं झालं. त्यानंतर तिसरी आवृत्ती आली. तीही मी घेतली.

दोन्ही वेळा मी एकच केलं. पुस्तक आलं, की शेवटचं नवं प्रकरण वाचलं आणि ते कपाटात ठेवलं. आधीची पानं मला पाठ होती, ती पुन्हा कशाला वाचायची? चाहता असंच वाचतो. तो कसा वाचतो हे छापणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

भाचीचा फोन आला त्याच रात्री मी तिच्याकडून पुस्तक मागवून घेतलं आणि तिन्ही आवृत्त्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. ‘लव्ह मी डू’चं पान काढलं. तिन्ही पुस्तकांत पानाचा क्रमांक एकच होता. पान एकाच शब्दावर संपत होतं. पानाच्या मध्यावर एका साउंड इंजिनिअरच्या नावातलं एक अक्षर चुकीचं पडलंय, ते तिन्हींत तसंच चुकीचं होतं. आणि ‘हे रेकॉर्डिंग आता अस्तित्वात नाही’ हे वाक्यही तिन्हींत जसंच्या तसं. फरक एवढाच, की पहिल्या आवृत्तीत त्या वाक्यासमोर समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीची नोंद होती: ‘सापडलं! १९९५.’ ती मी लिहिल्याचंही विसरून गेले होते. मी पेन्सिलीने तेव्हाच केलेली दुरुस्ती छापणाऱ्यांना पुढच्या दोन आवृत्त्यांत करता आली नव्हती.

त्यानंतर रात्री उशिरापर्यंत मी पानं चाळत बसले. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या परिचयात ‘तो सध्या आपल्या बागेत रमलेला असतो’ असं वाक्य आहे. जॉर्ज २९ नोव्हेंबर २००१ला गेला. २०२३चं म्हणून विकलेल्या पुस्तकात तो अजून बागेत काम करतोय. हे वाचून मला फार वाईट वाटलं. पैशांचं दुःख त्यापुढे काहीच नाही. ज्याच्या गाण्यांवर आपण प्रेम केलं, त्याच्या जाण्याची दखल घ्यायलाही कुणी ते पान उघडलं नव्हतं.

बीबीसीसाठी केलेली रेकॉर्डिंग फक्त चोरट्या कॅसेटवर मिळतात, असं पुस्तक सांगतं. त्यांचा अधिकृत संच १९९४मध्ये आला आणि दुसरा २०१३मध्ये. ‘हाऊ डू यू डू इट’ कधीच प्रकाशित झालं नाही, असं पुस्तक म्हणतं. तेही १९९५च्या त्याच संचात आहे. ‘कार्निव्हल ऑफ लाइट’ हे जानेवारी १९६७मधलं प्रायोगिक रेकॉर्डिंग अप्रकाशित आहे, असंही त्यात लिहिलंय. ते मात्र आजही खरं आहे, कारण ते अजून बाहेर आलेलंच नाही.

सर्वांत घातक भाग ‘काय विकत घ्यावं’ या प्रकरणात सापडला. पहिले चार अल्बम सीडीवर फक्त मोनोत (दोन्ही कानांना एकच आवाज) मिळतात, स्टीरिओ (दोन्ही बाजूंना वेगळा आवाज) हवं असेल तर जुन्या तबकड्या शोधा, असा सल्ला तिथे दिलाय. १९८७मध्ये सीडी आल्या तेव्हा परिस्थिती तशीच होती. पण २००९च्या रीमास्टरमध्ये ते चारही अल्बम स्टीरिओत आले आणि मोनोचा वेगळा संचही निघाला. नव्याने ऐकायला लागलेला एखादा मुलगा हा सल्ला मानून जुन्या तबकड्यांमागे धावेल आणि विनाकारण खर्चात पडेल. म्हणजे पुस्तकाचे पैसे तर गेलेच, वर पुस्तकावर विश्वास ठेवल्याबद्दल आणखी पैसे गेले.

मग २०२३च्या आवृत्तीत नवं होतं तरी काय? मुखपृष्ठ, दोन पानांची प्रस्तावना आणि शेवटी एक प्रकरण. त्या प्रकरणात ‘नाऊ अँड देन’विषयी आणि अलीकडच्या रीमिक्सविषयी जे लिहिलंय, ते बहुतेक प्रसिद्धीपत्रकांतूनच उचलल्यासारखं वाटतं. बाकी सगळा मजकूर जुन्याच जुळणीवरून छापलेला.

हे असं का होतं, तेही पुढे उमगलं. मधल्या एका पानावर चार ओळी वाढवल्या, की पुढची सगळी पानं सरकतात. पानं सरकली, की शेवटची सूची नव्याने करावी लागते, कारण तिच्यातले सगळे पृष्ठक्रमांक बदलतात. या कामाला जाणकार माणूस हवा, वेळ हवा, पैसा हवा. त्यापेक्षा जुनी पानं तशीच ठेवायची आणि मागे एक प्रकरण जोडायचं, हे कितीतरी सोपं. तसं करण्यात गुन्हा नाही. ‘नव्या प्रकरणासह पुनर्मुद्रण’ असं स्वच्छ छापलं असतं, तर मी एक शब्दही काढला नसता. ‘संपूर्ण सुधारित’ हे शब्द मात्र खोटे आहेत, आणि त्या शब्दांमुळेच मी पैसे मोजले.

यात लेखकाला मी लगेच दोष देणार नाही. कित्येकदा हक्क प्रकाशकाकडे असतात आणि लेखकाला विचारलंही जात नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. आपण सगळे करतो ती चूक अशी: नवी आवृत्ती खरंच नवी आहे का हे बघताना आपण नवीच गोष्ट शोधतो. ‘नाऊ अँड देन’ आहे का? आहे! मग घ्या. पण ताजी घटना तर शेवटच्या प्रकरणात असणारच, तेवढ्यासाठीच ते जोडलेलं असतं. पारख करायची ती जुन्या पानांवर. जुन्या काळातली अशी एखादी गोष्ट निवडा, जिच्याबद्दलची समजूत मधल्या वर्षांत बदलली. हरवलेलं म्हणून सांगितलेलं रेकॉर्डिंग सापडलं असेल, अप्रकाशित गाणं प्रकाशित झालं असेल, एखाद्या गाण्यावर कोणी वाजवलं याचा उलगडा झाला असेल, एखादा सहकारी वारला असेल. ती गोष्ट पुस्तकाच्या मधल्या भागात कशी लिहिलीय ते बघा. बीटल्सचे रेकॉर्ड निर्माते जॉर्ज मार्टिन मार्च २०१६मध्ये गेले. त्यांच्याबद्दल मधल्या पानांत वर्तमानकाळात लिहिलं असेल, तर त्या पानांना त्यानंतर कुणाचा हात लागलेला नाही हे नक्की.

ऑनलाइन घेत असाल तर आधी बघायला मिळणारी पानं कोणती आहेत याकडे लक्ष द्या. माझ्या वेळी मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि नव्या प्रकरणाची सुरुवात दाखवली होती. मधलं एकही पान नव्हतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ई-बुकचा नमुना मिळत असेल तर त्यात शोध घ्या, विक्रेत्याकडे एखाद्या ठरावीक पानाचा फोटो मागा, किंवा ग्रंथालयात नवी प्रत येईपर्यंत थांबा आणि आपली जुनी प्रत सोबत घेऊन जा. पृष्ठक्रमांक आणि पानाचा शेवटचा शब्द पाच-सात ठिकाणी ताडून बघितला, तरी सगळं उघड होतं. छपाईच्या चुका तर सर्वांत चांगले साक्षीदार. जिथे पंधरा वर्षांपूर्वीची चूक तशीच आहे, तिथे मजकूर पुन्हा वाचलेला नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, वेगळा आहे म्हणून फसू नका. मजकुरात मोठा बदल झाला तर नवा क्रमांक घ्यावा आणि नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच ठेवावा, असा नियम आहे. पण कापडी बांधणी, साधी बांधणी आणि ई-बुक यांनाही वेगवेगळे क्रमांक असतात. त्यामुळे क्रमांक बदलला याचा अर्थ मधला मजकूर बदलला असा होत नाही. शीर्षकपानाच्या मागचं पान जास्त कामाचं आहे. पहिलं प्रकाशन कधी, पुनर्मुद्रणं कधी, ही आवृत्ती कधीची, हे तिथे लिहिलेलं असतं. आणि प्रस्तावना नीट वाचा. ज्याने खरोखर काम केलेलं असतं, तो कुठल्या नोंदी बदलल्या आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलल्या, हे सांगतो. नुसतेच ‘चाहत्यांच्या आग्रहास्तव’सारखे शब्द असतील, तर पुस्तक खाली ठेवा.

सुधारित आवृत्त्या घेऊच नयेत, असं माझं म्हणणं नाही. खरी सुधारणा झालेलं पुस्तक हातात पडलं, की त्यासारखा आनंद नाही. आणि खरं काम करणारी माणसं आहेत. मार्क लुईसन यांचं बीटल्सच्या रेकॉर्डिंगवरचं पुस्तक १९८८मध्ये आलं. स्टुडिओतल्या मूळ टेप ऐकून त्यांनी ते लिहिलं होतं. पुढे बीटल्सचं सविस्तर चरित्र लिहायला घेतल्यावर त्यांनी जुनाच मजकूर वाढवला नाही. मूळ कागदपत्रांपासून पुन्हा सुरुवात केली. त्याचा पहिला खंड २०१३मध्ये आला आणि तो १९६२च्या अखेरीपर्यंतच पोचतो. काम एवढं खोल असतं तेव्हा वाट बघायला आणि पैसे मोजायला कोणाचीही हरकत नसते.

माझ्या तक्रारीचं म्हणाल तर, विक्रेत्याने परतीची मुदत उलटल्याचं सांगून हात वर केले. प्रकाशकाला मी चुकांची पृष्ठवार यादी पाठवली. उत्तर दोन ओळींचं आलं: नवी माहिती शेवटच्या प्रकरणात समाविष्ट केलेली आहे, आपल्या सूचना पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचारात घेऊ. पुढच्या आवृत्तीच्या वेळी! ती विकत घेण्याचीच त्यांनी जणू आठवण करून दिली. म्हणून सांगते, पुस्तक हाती आलं की पहिल्याच दिवशी जुनी पानं तपासा, परत करायची मुदत उलटू देऊ नका.

भाचीला नंतर मी घरी बोलावलं. ‘लव्ह मी डू’ची तिन्ही रेकॉर्डिंग आम्ही एकामागून एक ऐकली: ६ जूनचं पीट बेस्टचं, ४ सप्टेंबरचं रिंगोचं आणि ११ सप्टेंबरचं, बाहेरून बोलावलेला ड्रमर अँडी व्हाइटचं. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवर व्हाइट असल्यामुळे रिंगोच्या हाती टॅम्बरिन, म्हणजे खंजिरीसारखं वाद्य, दिली होती. म्हणून टॅम्बरिन ऐकू आली, की ते ११ सप्टेंबरचं, हे ओळखायला सोपं जातं. तिने दोनदा डोळे मिटून ओळखून दाखवलं.

जाताना नवी आवृत्ती तिने टेबलावरच ठेवली आणि शिवण सुटलेली पहिली आवृत्ती मागून नेली. परवा तिने त्या पानाचा फोटो पाठवला. माझ्या ‘सापडलं! १९९५’च्या खाली आता पेन्सिलीने तिच्या अक्षरात लिहिलंय: ‘टॅम्बरिन ऐक.’