लो-कार्ब पीठ: पोळी जमते, दाव्याचे काय?

ऑनलाइन मागवलेल्या या लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या, पिठात ग्लूटेन, सोयापीठ आणि इसबगोल आहे. कणीक चिवट होते, पोळी फुगत नाही, तरी तव्यावरून ताटात आली की ती चांगली लागते आणि बराच वेळ भूक लागत नाही. हे पीठ मधुमेहींनी निर्धास्त खावे, असा पाकिटावर दिलेला सरसकट दिलासा मात्र मला खटकतो. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅटकिन्स आहाराच्या (कर्बोदके अगदी कमी ठेवणाऱ्या आहाराच्या) चाचणीत सहा महिन्यांनी वजन अधिक घटलेले दिसले, पण वर्षअखेरीस तो फरक लक्षणीय उरला नव्हता. वाहिन्यांवरच्या चर्चांत हा उत्तरार्ध क्वचितच ऐकू येतो. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता कर्बोदके एकदम तोडली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, ही सूचना पाकिटावर ठळक छापायलाच हवी होती.