बारशाच्या पत्रिका, नाशिक: काम छान, वेळ पाळत नाहीत (४ स्टार)

रविवार कारंजाच्या जवळ गल्लीतलं छोटं दुकान आहे, भाच्याच्या बारशाच्या पत्रिका इथूनच केल्या. आमच्याकडे नावावरूनच रणकंदन चालू होतं, ताईचं माहेरचं म्हणजे आमचं आडनाव राजहंस, तिला तेच मुलाचं नाव हवं, आणि सासरचं आडनाव मोरे, म्हणजे राजहंस मोरे, दाजी म्हणे हे नाव आहे की पक्षी अभयारण्य 😂

दुकानातल्या काकांनी लगेच प्रूफ काढून दाखवलं, एकात 'चि. राजहंस' मोठ्या अक्षरात, दुसऱ्यात पूर्ण नाव. पहिलं खरंच भारी दिसत होतं. पण काकाच म्हणाले, शाळेच्या यादीत आडनाव आधी लिहितात, 'मोरे राजहंस' वाचून कोण कुठलं आडनाव समजेल सांगता येत नाही. पॉइंट बरोबर होता. बालगंधर्वांचं आडनाव राजहंसच होतं की, हे आईचं पालुपद. मी म्हटलं तमिळनाडूत १९५३ साली जन्मलेल्या एम. के. स्टॅलिन यांना सोव्हिएत नेत्याचं आडनावच नाव म्हणून ठेवलं, कुठे काय अडलं?

माझं मत विचाराल तर चालतं, राजहंस ऐकायला नाव वाटतं, उद्या कोणी कुलकर्णी ठेवलं तर नाही चालणार. आणि घाई कशाला, जन्मनोंदणीत १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येतं.

शेवटी पत्रिकेवर नुसतं 'बाळाचं बारसं' छापलं. शाई, कागद मस्त, पण सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा दिल्या. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.