चुकीच्या युद्धातला सैनिक: वॉल्झर की मॅकमॅहन?

युद्धच अन्यायाचं असेल तर त्यात लढणारा साधा सैनिक दोषी ठरतो का, यावर मायकल वॉल्झर आणि जेफ मॅकमॅहन हे युद्धाच्या नीतीवर लिहिणारे दोन अमेरिकन विचारवंत एकदम उलट बोलतात. वॉल्झर १९७७ पासून सांगतोय की युद्ध पुकारणं हा राजकारण्यांचा निर्णय, सैनिकाने नियम पाळून लढावं, सिव्हिलियन्सना हात लावू नये, बस, मग दोन्हीकडचे सैनिक सारखेच. उदाहरण देतो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापती रोमेलचं, लढला हिटलरसाठी पण पकडलेल्या शत्रूच्या कमांडोंना मारायची हिटलरची ऑर्डर त्याने जाळून टाकली.

मॅकमॅहन म्हणतो असं कसं, बँक लुटायला आलेल्यावर गार्डने बंदूक रोखली म्हणून लुटारूला सेल्फ डिफेन्सचा हक्क मिळतो का? खरं सांगू, लॉजिक मला याचंच पटतं. पण जबरदस्तीने भरती केलेल्या अठरा वर्षांच्या पोराला आपली बाजू खोटी आहे हे कळणार कसं? आणि शरण गेलो तरी शिक्षाच होणार असेल तर शस्त्र खाली कोण ठेवेल, म्हणून कायदा तूर्त तरी दोन्ही बाजूंना सारखाच असावा हे मॅकमॅहनही मान्य करतो, म्हणजे प्रॅक्टिकली फिरून वॉल्झरच्याच दारात.