माझीच फाइल मला विकली

वर्ड उघडला की अर्धा मिनिट गोठायचा आणि आपोआप मिटायचा. चारदा उघडावा तेव्हा एकदा टिकायचा. भाषांतराचं काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. घाईघाईत नेटवर शोधलं आणि सगळ्यात वर जो ‘सपोर्ट’चा नंबर दिसला तो फिरवला. ती ओळ म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, आणि तसं तिथं बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. डोक्यात काम असताना कोण वाचतं ते!

माणूस बोलायला सभ्य. मॅडम-मॅडम करत त्यानं स्क्रीन ताब्यात घेण्याचं ॲप टाकायला लावलं. मग वर्डला हातही न लावता विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. लाल-पिवळ्या खुणांची ही लांबलचक यादी. “बघा मॅडम, किती इन्फेक्शन आहे.” अशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही ढिगानं असतात, एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी तिथं नोंद पडते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. घाबरले आणि कार्डानं पैसे भरून मोकळी झाले.

दहा मिनिटं त्यानं काहीबाही उघडलं-मिटलं, आणि वर्ड खरोखरच सुरळीत चालू लागला. हे मुद्दाम सांगतेय. फसवणाऱ्याला कामातलं काही कळत नसणार अशी आपली समजूत असते. याला उपाय नेमका माहीत होता. तो उपाय म्हणजे एका फाइलीचं नाव बदलणं, एवढंच त्यानं सांगितलं नाही.

ती फाइल म्हणजे नॉर्मल.डॉटएम. कोरं डॉक्युमेंट उघडताना वर्ड त्याचा साचा या फाइलीतून घेतो. नेहमीचा फॉन्ट, समास, आपण रेकॉर्ड केलेले मॅक्रो (नेहमीची कामं आपोआप करणाऱ्या सूचना), स्वतः लावलेले कीबोर्ड शॉर्टकट, साठवलेला ऑटोटेक्स्ट (छोटं नाव टाइप करून एफ-3 दाबलं की उमटणारा मजकूर), सगळं एरवी तिच्यातच जातं. ती बिघडली की वर्ड असा वागू शकतो. (माझी बहुधा मीच बिघडवली. वर्ड मिटत असतानाच कॉम्प्युटरचं बटण दाबायची वाईट खोड आहे.) तिचं नाव बदलून बाजूला ठेवलं की वर्ड पुढच्या वेळी तशीच नवी फाइल आपली आपण तयार करतो. दोन मिनिटांचं काम.

पण नवी म्हणजे कोरी. संध्याकाळी कराराच्या नेहमीच्या कलमाचं छोटं नाव टाइप करून एफ-3 दाबलं, तर काहीच उमटलं नाही. सात वर्षांत जमवलेली कलमं, माझे शॉर्टकट, तारखा नीट करणारा मॅक्रो, सगळं गायब. पुन्हा त्यालाच फोन. “व्हायरसनं खाल्लं मॅडम. रिकव्हरीचा चार्ज वेगळा पडतो.” त्यानं काळी कमांडची खिडकी उघडली, त्यात फोल्डरांची नावं धो-धो वाहत गेली आणि शेवटी इंग्रजीत ओळ आली : ‘डेटा लॉस कन्फर्म्ड’. ती ओळ कॉम्प्युटरनं दिली असं मी धरून चालले. नंतर कळलं, ती ‘ट्री’ नावाची साधी कमांड आहे, फोल्डरांची यादी दाखवण्यापलीकडे काही करत नाही. आणि शेवटची ओळ त्यानंच टाइप केलेली. दुसऱ्यांदा पैसे भरले, पहिल्यापेक्षा जास्त. पाच मिनिटांत माझी कलमं हजर! मी त्याचे आभारही मानले.

त्याच रात्री वर्ड पुन्हा गोठून मिटला.

तिथं डोकं चालू लागलं. कलमं परत आली आणि दुखणंही परत आलं, म्हणजे दोन्ही एकाच जागी असणार. टेम्प्लेट्सचं फोल्डर उघडून पाहिलं, तर नॉर्मल.डॉटएमवर बदलाची तारीख त्याला पहिला फोन करण्याच्या आदल्या दिवशीची. नवी काढलेली फाइल असती तर तारीख आजची असती. बाजूला सरकवलेली माझीच फाइल जुन्या नावानं परत आणून त्यानं ती मला विकली होती. आणखी एक गोष्ट आधीच खटकायला हवी होती. सगळं ‘खाल्लं’ गेलं तेव्हाही माझ्या साध्या ऑटोकरेक्टच्या (टाइप करतानाच चुका सुधारण्याच्या) नोंदी जशाच्या तशा होत्या, आणि वरच्या रिबनच्या पट्टीवर मांडून ठेवलेली बटणंही. या दोन्ही गोष्टी वर्ड वेगळ्या फाइलींत ठेवतो. व्हायरस इतका निवडून खात नाही.

मी नेट तोडलं, ते ॲप काढलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलले, बँकेला सांगून कार्ड बंद केलं. संपलं असं वाटलं. तीन आठवड्यांनी वर्ड उघडताच चौकट आली : डॉक्युमेंट इंजिन निकामी होत आहे, या नंबरावर संपर्क करा. नंबर त्याचाच. मायक्रोसॉफ्टनंच जाहीर सांगितलेलं आहे की त्यांच्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. तेवढं मला एव्हाना पाठ झालं होतं.

कंट्रोल दाबून धरून वर्ड सेफ मोडमध्ये, म्हणजे जोडलेल्या जादा गोष्टींशिवाय, उघडला, तर चौकट नाही. म्हणजे वर्डसोबत आणखी काहीतरी उघडत होतं. ऑप्शन्समधल्या ॲड-इन्सच्या (वर्डला जोडलेल्या जादा गोष्टींच्या) यादीत मी कधीही न टाकलेला एक टेम्प्लेट, म्हणजे साच्याची फाइल, दिसला. जागा वर्डचं स्टार्टअप फोल्डर, त्यातलं वर्डसोबत आपोआप उघडतं. या फोल्डरवर वर्डचा मुळातच विश्वास असतो, तिथले मॅक्रो इशारा न देता चालतात. म्हणून एवढे दिवस पत्ता लागला नव्हता. फाइल बाहेर काढली, मॅक्रो चालू न करता उघडली, ऑल्ट-एफ-11 दाबून आतला मॅक्रो पाहिला. आठ-दहा ओळी : ठरावीक तारीख उलटली की चौकट दाखव. बस.

पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन आला, वर्ड कसा चाललाय म्हणून. मी एवढंच विचारलं, ऑटोकरेक्ट कसं काय वाचलं? पलीकडे क्षणभर शांतता, मग फोन बंद.

जुनी नॉर्मल.डॉटएम मी वेगळी उघडली, त्यातली कलमं एका साध्या डॉक्युमेंटमध्ये ओतली आणि नव्या फाइलीत एकेक करून पुन्हा नोंदवली. त्यात दोन दिवस गेले. नव्या फाइलीची प्रत आता पेन ड्राइव्हवर असते. शॉर्टकट मात्र आठवून आठवून लावावे लागले, आणि त्यातले दोन अजून आठवत नाहीत; बोटं सवयीनं तिकडे जातात आणि भलतंच काहीतरी उघडतं.