सोमवारची सुट्टी की पन्हाळ्यावर तीन दिवस?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण पाळकांनी (पास्टरांनी) विचारलं, "दादा, दर सोमवार मोकळा ठेवू, की वर्षातून एकदा तीन दिवस पन्हाळ्याला एकांतात जाऊ?"

खर्चात सोमवार स्वस्त. रंकाळ्याला फेरी, घरी तांबडा-पांढरा, दुपारी झोप. पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर, पण राहणं-जेवण आलंच. शनिवार-रविवारी तर झुणका-भाकरीच्या गाड्यांभोवतीच एवढी गर्दी, की प्रार्थना कुठे करणार? जायचं तर मधल्या वारी.

खरी अडचण सोमवार टिकवण्याची. कोल्हापुरात पाळक लपत नाही. रंकाळ्यावरही कोणीतरी गाठतं, "पास्टर, पाचच मिनिटं." फोन बंद ठेवला तर घरच्या दाराशी. आजारी माणूस, अंत्यविधी यांना वार नसतो हे खरं. पण बाकीचं मंगळवारपर्यंत थांबतं, हे मंडळीला शिकवायला मला दोन वर्षं लागली. गडावर हा प्रश्न नाही. तिथे वेगळाच त्रास: पहिला दिवस नुसता झोपेत जातो आणि मन खातं. खाऊ नये. बायबलमध्ये रतामाच्या झुडपाखाली थकून पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं. देवाच्या डोंगराची, होरेबची वाट नंतर.

परिणाम? गडावरची शांतता खोल, पण पंधरवड्यात विरते.

लहान मुलं असतील, थकवा रोजचा असेल तर सोमवारच धरा. बायबलचं वचन उघडलं की फक्त प्रवचनाचे मुद्देच दिसत असतील, तर मात्र पन्हाळा गाठा, आणि वही घरीच ठेवा.